व्हर्च्युअलायझेशन पुन्हापुन्हा बंद होतंय? बायोसमध्ये शिरण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीममधून हे वाचून घ्या

लक्षण असं. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रोसेसरची सोय, चालू केलं, सेव्ह केलं, व्हर्च्युअल मशीन झकास सुरू झालं. काही आठवडे सगळं सुरळीत. मग एके सकाळी तेच व्हर्च्युअल मशीन उघडत नाही. व्हीटी-एक्स (इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनचं नाव) उपलब्ध नाही, किंवा बायोसमध्ये बंद आहे, असा संदेश येतो. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा डिलीट की दाबत बसणं, पुन्हा तेच सेटिंग चालू. आणि थोड्या दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जवळपास प्रत्येक ठिकाणी यावर एकच सल्ला मिळतो: बायोसमध्ये जा आणि चालू करा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याने आजचा दिवस निघतो, मूळ दुखणं तसंच राहतं. शिवाय एकदा बायोसमध्ये जाऊन सेव्ह केलं की बिघाडाच्या वेळी मशीन नेमकं कोणत्या अवस्थेत होतं, हे कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की त्रास सुरू झाल्याक्षणी रिस्टार्ट करू नका. मशीन चालू आहे तोवर ऑपरेटिंग सिस्टीमला विचारून घेता येतं, आणि नीट विचारलं तर ती सेटिंग बंद आहे का, कधीपासून बंद आहे आणि बहुधा कशामुळे, इतकं सगळं सांगते. खालची रीत व्हर्च्युअलायझेशनसाठी लिहिली आहे, पण हायपरथ्रेडिंग, मेमरीचा वेग, सिक्युअर बूट यांपैकी काहीही आपोआप मूळ पदावर जात असेल, तर तिथेही तीच चालते.

एका संदेशामागे तीन वेगळे प्रश्न

“व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही” या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. प्रोसेसरमध्ये ती क्षमता आहे का? फर्मवेअरने, म्हणजे बायोसने, ती वापरायची परवानगी दिली आहे का? आणि परवानगी असूनही दुसऱ्याच कुणी सॉफ्टवेअरने ती आधीच ताब्यात घेतली आहे का? तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या जागी मिळतात. बहुतेक गोंधळ होतो तो एका जागेचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे.

क्षमतेचं उत्तर प्रोसेसर स्वतः देतो. त्यासाठी सीपीयूआयडी नावाची सूचना १९९३ पासून, म्हणजे पहिल्या पेंटियमच्या काळापासून आहे. लिनक्समध्ये एलएससीपीयू ही कमांड चालवली की त्याच सूचनेची उत्तरं वाचनीय रूपात समोर येतात. फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत इंटेलसाठी व्हीएमएक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम शोधायचं.

पण इथे एक खाच आहे. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ च्या आधी, बायोसने परवानगी नाकारली असली तरी व्हीएमएक्स हा फ्लॅग यादीत दिसायचाच, कारण प्रोसेसरमध्ये क्षमता होतीच. ५.६ पासून कर्नल आधी परवानगी तपासतो आणि ती नसेल तर फ्लॅग यादीतून काढून टाकतो. त्यामुळे जुन्या उत्तरांमध्ये वाचलेलं “फ्लॅग दिसतोय म्हणजे फक्त क्षमता” हे वाक्य आजच्या इंटेल मशीनवर लागू पडत नाही, आणि फ्लॅग दिसत नाही म्हणून “प्रोसेसरच जुना आहे” असा निष्कर्ष काढणं तर त्याहून चुकीचं. एएमडीच्या बाजूला हाच बदल कर्नलमध्ये बराच नंतर आला. फ्लॅग पाहण्याआधी कर्नलची आवृत्ती कोणती हे पाहा.

परवानगी कुठे लिहिलेली असते

हा भाग थोडा खोलात जाऊन पाहू, कारण निवाडा इथेच होतो.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एमएसआर म्हणून ओळखले जाणारे शेकडो रजिस्टर, म्हणजे आकडे साठवायच्या छोट्या जागा, असतात. त्यांतलं ३ए या हेक्स (सोळाच्या पायावरच्या) क्रमांकाचं रजिस्टर म्हणजे फीचर कंट्रोल. मशीन सुरू होताना फर्मवेअर त्यात काही बिट लिहितं. सर्वांत खालचा, म्हणजे शून्य क्रमांकाचा बिट हा कुलूप आहे, आणि दोन क्रमांकाचा बिट ही व्हर्च्युअलायझेशनची नेहमीची परवानगी. कुलूप एकदा लागलं की पुढच्या रीसेटपर्यंत ते रजिस्टर कुणालाही बदलता येत नाही, ऑपरेटिंग सिस्टीमलाही नाही. ऑपरेटिंग सिस्टीममधून हे सेटिंग चालू का करता येत नाही, याचं उत्तर हेच आहे.

लिनक्सवर हे वाचायला एमएसआर-टूल्स हे पॅकेज लागतं. रूट (प्रशासक) म्हणून मॉडप्रोबने एमएसआर हे मॉड्यूल चढवा, आणि मग आरडीएमएसआर ही कमांड -ए या पर्यायासह चालवून तिला ०एक्स३ए हा क्रमांक द्या. प्रत्येक कोअरमागे एक अशा ओळी येतील. त्या अशा वाचायच्या:

५ आलं तर कुलूप लागलेलं आहे आणि परवानगी दिलेली आहे. सगळं ठीक.

१ आलं तर कुलूप लागलेलं आहे आणि परवानगी नाही. म्हणजे बायोसमध्ये सेटिंग खरोखरच बंद झालं आहे.

६०००५ किंवा १००००५ असे मोठे आकडे दिसले तर बिचकू नका. वरचे बिट इतर सुविधांचे आहेत. फक्त शेवटचा अंक पाहा: ५ किंवा ७ असेल तर चालू, १ किंवा ३ असेल तर बंद.

० आलं तर फर्मवेअरने रजिस्टरला हातच लावलेला नाही. नव्या कर्नलवर हे सहसा दिसत नाही, कारण ५.६ पासूनचा कर्नल, केव्हीएमसह (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या त्याच्या भागासह) बनवलेला असेल तर, असं मोकळं रजिस्टर पाहिलं की स्वतःच परवानगी लिहून कुलूप लावतो.

-ए हा पर्याय गाळू नका. हे रजिस्टर प्रत्येक कोअरचं स्वतंत्र असतं आणि फर्मवेअरने ते प्रत्येक कोअरवर लिहिणं अपेक्षित असतं. एका कोअरवर ५ आणि बाकीच्यांवर वेगळाच आकडा, असं चित्र दिसलं तर सेटिंगचा प्रश्न नाही, फर्मवेअरमध्येच दोष आहे. स्लीपमधून उठल्यावरच त्रास होत असेल तर स्लीपच्या आधी आणि नंतर असं दोनदा वाचून पाहणं याच कारणासाठी उपयोगी पडतं.

एएमडीसाठी रजिस्टर वेगळं: सी००१०११४. त्यातला चार क्रमांकाचा बिट उलट्या अर्थाचा आहे, तो १ असेल तर एसव्हीएम बंद. तीन क्रमांकाचा बिट म्हणजे कुलूप. त्यामुळे १८ हा हेक्स आकडा आला तर बंद करून कुलूप लावलेलं आहे, आणि ० किंवा ८ आला तर चालू.

सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (रूटलाही काही गोष्टी करू न देणाऱ्या अवस्थेत) असेल तरी, इंटेग्रिटी या नेहमीच्या पातळीवर, ही रजिस्टर वाचता येतात. अडवलं जातं ते लिहिणं. लिहिण्याच्या वाटेला तसंही जाऊ नये. चुकीच्या रजिस्टरमध्ये चुकीचा आकडा गेला तर मशीन जागच्या जागी गोठतं.

डीएमआयडीकोड काय सांगत नाही

बायोसची माहिती पाहायची म्हटलं की लोक आधी डीएमआयडीकोड चालवतात. उत्तम साधन आहे, पण ते कुठून वाचतं हे लक्षात घ्या. फर्मवेअर सुरुवातीला एसएमबायोस नावाचे तक्ते मेमरीत मांडून ठेवतं, डीएमआयडीकोड तेवढेच उलगडून दाखवतं. बायोसची आवृत्ती आणि तारीख, बोर्डाचं नाव, मेमरीचे स्लॉट, प्रोसेसरचं वर्णन असं सगळं त्यात असतं. पण हे तक्ते दारावरच्या पाटीसारखे आहेत. घर कुणाचं ते कळतं, घरात आत्ता कोण आहे ते नाही.

प्रोसेसरच्या तक्त्यात, म्हणजे प्रकार ४ मध्ये, “एन्हान्स्ड व्हर्च्युअलायझेशन” अशी ओळ दिसते. ती पाहून कितीतरी जण सेटिंग चालू आहे असं समजतात. ती ओळ फक्त क्षमता सांगते, सध्याची स्थिती नाही. त्याच तक्त्यातला “करंट स्पीड” हाही बूटच्या वेळी लिहिलेला आकडा असतो. प्रोसेसर या क्षणी किती वेगाने धावतोय याच्याशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच बोर्डांवर तर अनुक्रमांकाच्या जागी “टू बी फिल्ड बाय ओईएम” असंच छापलेलं सापडतं, कारण ती जागा कुणी भरलेलीच नसते.

एक तक्ता मात्र खरोखर कामाचा आहे: प्रकार १७, मेमरी. त्यात प्रत्येक पट्टीपुढे “स्पीड” आणि “कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड” असे दोन आकडे असतात. पहिला पट्टीची क्षमता, दुसरा बायोसने प्रत्यक्षात ठरवून दिलेला वेग. बायोसमध्ये मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल (मेमरी जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) चालू करून ठेवलेलं असेल आणि हा दुसरा आकडा अचानक खाली आलेला दिसला, तर एकटं व्हर्च्युअलायझेशन बंद झालेलं नाही, अख्खं बायोस मूळ सेटिंगवर गेलं आहे. हा धागा फार मोलाचा आहे. एकच सेटिंग उडालं की सगळीच उडाली, यावर पुढचा तपास अवलंबून असतो.

विंडोजवर आधी ताबा तपासा

विंडोजमध्ये सर्वांत जास्त फसवणूक तिसऱ्या प्रश्नावर होते. बायोसमधलं सेटिंग जागच्या जागी चालू असतं, आणि तरीही व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम ते बंद असल्याचं सांगतो. कारण विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, खाली बसलेला असतो. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवलं, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म हे फीचर चालू केलं, किंवा कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी चालू झालं, की तो हजर होतो. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मेमरी इंटेग्रिटी योग्य हार्डवेअरवर सुरुवातीपासूनच चालू असते.

ओळखायचं कसं? कमांड प्रॉम्प्टवर सिस्टीमइन्फो चालवा आणि अगदी शेवटी पाहा. हायपरव्हायझर नसेल तर तिथे “व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड इन फर्मवेअर” अशी ओळ आणि तिच्यापुढे येस किंवा नो असतं. हायपरव्हायझर चालू असेल तर ही ओळच येत नाही, त्याऐवजी हायपरव्हायझर सापडला असल्याचं वाक्य येतं. हे वाक्य दिसलं तर बायोसमध्ये जाण्याचा प्रश्नच मिटला. हायपरव्हायझर चालतोय याचा अर्थ परवानगी दिलेली आहेच.

पॉवरशेलमधून गेट-सिमइन्स्टन्स वापरून विन३२_प्रोसेसर या क्लासमधलं व्हर्च्युअलायझेशन-फर्मवेअर-एनेबल्ड वाचायची अनेकांना सवय आहे. त्यातही हाच सापळा आहे. हायपरव्हायझर चालू असताना ते फॉल्स दाखवतं. म्हणून ते एकटं कधीच वाचू नका, सोबत विन३२_कॉम्प्युटरसिस्टीम या क्लासमधलं हायपरव्हायझर-प्रेझेंट वाचा. हे ट्रू असेल तर आधीच्या फॉल्सला काही अर्थ उरत नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर “व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड” दिसत असताना स्क्रिप्ट मात्र फॉल्स सांगते, हे कोडं नेहमी इथेच सुटतं.

आणखी एक गोष्ट फास्ट स्टार्टअपची. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. कर्नलचा भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. बायोसमध्ये बदल केल्यानंतर विंडोजला तो दिसला नाही तर रिस्टार्ट हा पर्याय वापरा, शटडाउन नव्हे. शेवटचं बूट कोणत्या प्रकारचं होतं ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-बूटच्या २७ क्रमांकाच्या नोंदीत दिसतं: ०एक्स० म्हणजे पूर्ण नवं बूट, ०एक्स१ म्हणजे फास्ट स्टार्टअप.

विंडोजवर एमएसआर थेट वाचायला कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर लागतो. त्यासाठी कुठलंही अनोळखी साधन उतरवून घेऊ नका. असे कितीतरी ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरून अडवले गेले आहेत. सिस्टीमइन्फो आणि एमएसइन्फो३२ एवढ्यावर इथलं काम भागतं.

बंद नेमकं कधी झालं? जुन्या बूटच्या नोंदी काढा

समजा तपासाअंती ठरलं की ताबा कुणाचा नाही, परवानगीच गेली आहे. मग प्रश्न उरतो: ती कुणी काढली? इथे लिनक्सचा जर्नल, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, खूप कामाला येतो, आणि हे फारसं कुणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पुरावा डिस्कवर आयता पडलेला असतो.

बूटच्या वेळी कर्नल जे लिहून ठेवतो त्यातल्या तीन ओळी आपल्या कामाच्या. पहिली डीएमआय या शब्दाने सुरू होते. तिच्यात बोर्डाचं नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख असते. दुसरी आरटीसी-सीमॉसची, “सेटिंग सिस्टीम क्लॉक टू” अशी. मशीन सुरू झालं तेव्हा बोर्डावरच्या घड्याळात काय वेळ होती ती तिच्यात जशीच्या तशी असते. तिसरी ओळ फक्त बिघाड असेल तेव्हा येते: “व्हीएमएक्स डिसेबल्ड बाय बायोस” अशा अर्थाची.

जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स चालवलं की जतन असलेल्या बूटची यादी मिळते. मग -के -बी -१, -के -बी -२ असं एकेक मागे जात प्रत्येक बूटमधल्या याच तीन ओळी ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडने) गाळून काढा आणि एकाखाली एक ठेवा. यादीत एकच बूट दिसत असेल तर तुमच्याकडे जर्नल डिस्कवर साठत नाही. व्हार, लॉग, जर्नल असं फोल्डर तयार करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पुरावा हाती राहील.

ज्या बूटमध्ये तिसरी ओळ पहिल्यांदा उगवते, त्या बूटच्या पहिल्या दोन ओळी आधीच्या बूटशी ताडून पाहा.

डीएमआय ओळीतली आवृत्ती पुढे सरकलेली असेल तर बायोस अपडेट झालं आणि त्याने सेटिंग मूळ पदावर नेली. हे अपडेट तुम्ही हाताने केलेलं असेलच असं नाही. लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी आणि विंडोजवर विंडोज अपडेट, दोन्हींतून फर्मवेअर येऊ शकतं. रिस्टार्टच्या वेळी एक प्रगतीपट्टी दिसते आणि काम उरकतं. एफडब्ल्यूयूपीडीएमजीआरला गेट-हिस्टरी विचारलं तर त्याने केलेल्या अपडेटची नोंद मिळते. विंडोजमध्ये अपडेट हिस्टरीत फर्मवेअर या नावाची नोंद शोधा. दोन ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या मशीनवर तर एका बाजूने आलेल्या अपडेटचा त्रास दुसऱ्या बाजूला दिसतो आणि दोष भलत्याच ठिकाणी जातो.

आवृत्ती मागे गेलेली दिसली तर बोर्डावर दोन बायोस चिप आहेत आणि मुख्य चिप सुरू न झाल्यामुळे मशीन राखीव चिपवर गेलं आहे. तिच्यात तुमची सेटिंग कधी नव्हतीच.

आवृत्ती तीच, पण घड्याळाची ओळ काही वर्षं मागची तारीख दाखवते? मग बोर्डावरचा सेल. याबद्दल खाली सविस्तर.

आवृत्तीही तीच आणि घड्याळही बरोबर असेल, तर संशय जातो अयशस्वी बूटवर. मेमरी किंवा प्रोसेसर मर्यादेबाहेर ताणलेला असेल आणि मशीन सुरुवातीच्या चाचणीत लागोपाठ अडकलं, तर बरंच फर्मवेअर सुरक्षित सेटिंगवर उतरतं. आधीचं बूट नीट बंद झालं होतं का ते त्याच जर्नलच्या शेवटच्या ओळींत पाहा. त्या ओळी मध्येच तुटलेल्या असतील आणि प्रकार १७ मधला मेमरीचा वेगही खाली आला असेल, तर दोष मेमरीच्या प्रोफाइलचा. ते एक पायरी खाली आणा. व्हर्च्युअलायझेशनचं सेटिंग कितीही वेळा चालू केलंत तरी पुढच्या अडकलेल्या बूटला ते पुन्हा जाणारच.

सेलचा तपास, आणि तो का लपून राहतो

बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल असतो. आजच्या फर्मवेअरमध्ये सेटिंग मुख्यतः फ्लॅश चिपमध्ये साठतात, त्यामुळे “सेलचा आणि सेटिंगचा आता काय संबंध” असं म्हटलं जातं. संबंध आहे. सेलवर चालणाऱ्या छोट्या मेमरीतला मजकूर आणि घड्याळ गेलेलं दिसलं की कितीतरी बोर्ड पूर्वीसारखीच मूळ सेटिंग चढवतात.

मशीनला वीजपुरवठा जोडलेला असतो तोवर बोर्ड घड्याळासाठी त्यावरच भागवतं, सेलवर भार पडत नाही. म्हणून थकलेला सेल रोजच्या वापरात कळतच नाही. प्लग काढून ठेवला, मशीन काही दिवस पूर्ण बंद राहिलं, की पुढच्या सुरुवातीला सेटिंग गायब. “मध्येच कधीतरी होतं” असं वाटणारा त्रास नीट पाहिला तर अनेकदा अशा लांब बंदीनंतरच होत असतो.

मग तारीख चुकलेली कुणाला दिसत का नाही? कारण मशीन इंटरनेटला जोडलं गेलं की ऑपरेटिंग सिस्टीम काही सेकंदांत वेळ दुरुस्त करते. पडद्यावरचं घड्याळ बरोबर, म्हणजे सेल ठीक, हा तर्क आता चालत नाही. लिनक्समध्ये सिस्टीमडीसुद्धा (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) फार जुनी तारीख दिसली तर घड्याळ आपणहून पुढे ढकलतं. म्हणूनच वर सांगितलेली आरटीसीची (बोर्डावरच्या घड्याळाची) कर्नल ओळ वाचायची, ती या सगळ्या दुरुस्त्यांच्या आधीची असते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-जनरलची १ क्रमांकाची नोंद पाहा. वेळ कुठून कुठे बदलली ते तिच्यात असतं. वर्षांची उडी असेल तर सेल. फक्त काही तासांचा फरक असेल तर तो बहुधा दुहेरी बूटमुळे, कारण विंडोज बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

लिनक्समध्ये प्रॉक, ड्रायव्हर, आरटीसी या फाइलमध्ये “बॅट स्टेटस” अशी ओळ असते. तिथे “डेड” दिसलं तर विश्वास ठेवा. “ओके” दिसलं तर त्यावर विसंबू नका, कारण ज्या बिटवरून ती ओळ येते तो इंटेलच्या चिपसेटमध्ये कायम १ असतो. त्यापेक्षा सेन्सर्स ही कमांड चालवून व्हीबॅटची ओळ पाहा. डेस्कटॉप बोर्डांवर ती बऱ्याचदा मिळते, लॅपटॉपवर क्वचित. आकडा ३ च्या आसपास हवा. २.७ च्या खाली गेला तर मी वाट पाहत बसणार नाही, सेल बदलून टाकेन.

बदलण्याआधी मशीन पूर्ण बंद करून प्लग काढा. आणि त्याहीआधी दोन गोष्टी करा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) बंदिस्त असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा. सेटिंग मूळ पदावर गेल्यावर तो की मागू शकतो. दुसरं, स्टोरेज कंट्रोलर एएचसीआयमध्ये आहे की रेडमध्ये (डिस्क हाताळायच्या दोन पद्धती) ते लिहून ठेवा. मूळ सेटिंग वेगळं निघालं तर विंडोज सुरूच होत नाही, आणि माणूस डिस्क गेली म्हणून घाबरतो.

बायोसचं सेटिंग थेट वाचता येतं का?

काही मशीनवर, होय. लिनक्स ५.११ पासून सिस, क्लास यांखाली फर्मवेअर-अ‍ॅट्रिब्यूट्स नावाचं फोल्डर आलं. सुरुवात डेलच्या ड्रायव्हरने झाली, मग लेनोवो आणि एचपीचेही आले. तुमच्या मशीनला आधार असेल तर प्रत्येक सेटिंगचं एक फोल्डर दिसतं, त्यात सध्याचं मूल्य, शक्य मूल्यं आणि प्रकार अशा साध्या मजकुराच्या फाइल असतात. पेंडिंग-रीबूट या फाइलमध्ये १ असेल तर बदल नोंदला गेला आहे पण अजून लागू झालेला नाही. हेच सगळं एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-बायोस-सेटिंग्ज या एका कमांडने नीट मांडलेलं मिळतं. विंडोजवर याच उत्पादकांची व्यावसायिक मशीन डब्ल्यूएमआयमधून (विंडोजच्या व्यवस्थापन-सोयीतून) तशीच माहिती देतात. सुट्या भागांतून जोडलेल्या मशीनवर मात्र बहुधा हे फोल्डर रिकामं असतं किंवा नसतंच, तिथे वरच्या एमएसआर आणि जर्नलच्या वाटेनेच जावं लागतं.

यूईएफआयची (बायोसच्या आजच्या पिढीची) व्हेरिएबल्सही वाचता येतात: सिस, फर्मवेअर, ईएफआय, ईएफआयव्हार्स. हे फोल्डर नसेल तर मशीन जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालं आहे, हीच एक उपयोगी माहिती. सिक्युअरबूटने सुरू होणारी फाइल हेक्समध्ये पाहिली तर पाच बाइट दिसतात. पहिले चार गुणधर्मांचे, पाचवा खरा. तो १ असेल तर सिक्युअर बूट चालू. पहिल्या चार बाइटांनाच मूल्य समजून वाचल्यामुळे अनेकांच्या स्क्रिप्ट चुकतात.

या फोल्डरमध्ये काहीही पुसू नका. २०१६ च्या सुरुवातीला इथल्या फाइल पुसल्या गेल्याने काही लॅपटॉप कायमचे सुरू व्हायचे थांबले. त्यानंतर कर्नलने बहुतेक व्हेरिएबल्स न बदलता येणारी म्हणून कुलूपबंद केली. कुणी ते कुलूप काढून सेटअप नावाच्या व्हेरिएबलमधला अमुक बाइट बदला असं सांगत असेल, तर ऐकू नका. कोणत्या बाइटला कोणतं सेटिंग हे फर्मवेअरच्या आवृत्तीनुसार बदलतं.

पुढच्या वेळी उशीर होऊ नये म्हणून

कारण सापडून दुरुस्ती झाली, तरी ती टिकते का हे पाहायला एक छोटी सोय करून ठेवावी. प्रत्येक बूटला एकदाच चालणारी सिस्टीमडी सर्व्हिस लिहा. तिने तीन गोष्टी एका फाइलच्या शेवटी जोडायच्या: बायोसची आवृत्ती, ३ए रजिस्टरचा आकडा, आणि प्रकार १७ मधला कॉन्फिगर्ड वेग. सोबत आरटीसीची ओळ घेतली तर उत्तम. बायोसची आवृत्ती सिस, क्लास, डीएमआय, आयडी यांखाली साध्या मजकुरात मिळते, तिच्यासाठी डीएमआयडीकोडही लागत नाही. विंडोजवर टास्क शेड्यूलरमधून सिस्टीमइन्फोचं आउटपुट तारखेसह साठवलं की जवळपास तेच काम होतं.

शेवटच्या दोन बूटच्या नोंदींत, आरटीसीची वेळ सोडून, फरक आढळला तर सर्व्हिसने अपयशी म्हणून बंद व्हावं, म्हणजे सिस्टीमसीटीएल --फेल्डमध्ये ती लाल दिसते आणि व्हर्च्युअल मशीन उघडायला जाण्याआधीच कळतं. ती लाल दिसली तर बायोसमध्ये जायच्या आधी त्याच बूटच्या त्या तीन ओळी जर्नलमधून उतरवून घ्या.